शोकाची गोडी

कडू औषध मनुष्य नाक मुरडून घेतो, आणि तेही आजारी असला तरच. परंतु जो शोक प्रत्यक्ष आयुष्यात वैऱ्याच्याही वाट्यास येऊ नये असे आपण म्हणतो, तोच रंगभूमीवर किंवा चित्रपटात पाहावयास मिळावा म्हणून आपण पदरचे पैसे खर्चतो, मुलांमाणसांना बरोबर नेतो, आणि डोळे पुसत बाहेर आल्यावर शेजाऱ्यास आग्रहाने सांगतो की, 'फार सुंदर आहे, अवश्य पाहा. मात्र शेवट सोसवत नाही.' या शिफारशीत काही विसंगती आहे असे सांगणाऱ्यासही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यासही वाटत नाही. जे सोसवत नाही ते अवश्य पाहावे, असा हा उपदेश आहे. आणि तो देणारी माणसे चांगली, कनवाळू, कोणाचे वाईट न चिंतणारी असतात. परदुःखात अशी गोडी वाटणे हा गुण समजावा की दोष, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो मला सुचला एका जुन्या चित्रपटामुळे, आणि तोही जेथे तो पुन्हा पाहण्याचा योग आला त्या स्थळामुळे. तेव्हा प्रथम त्या दोहोंविषयी सांगणे प्राप्त आहे.

चित्रपट म्हणजे 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी तो 1977 साली दिग्दर्शित केला. गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे; मुख्य भूमिका मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या. गाणी घराघरांत अजून ऐकू येतात, परंतु ज्यांनी केवळ गाणी ऐकली आहेत आणि चित्रपट पाहिलेला नाही असे पुष्कळ लोक आता आहेत. त्यांच्या मनात त्याची जी प्रतिमा आहे ती एखाद्या रानातल्या उत्सवाची आहे. ती प्रतिमा खोटी नव्हे. पण ती अर्धीच आहे.

कथानक चार वाक्यांत सांगण्याजोगे आहे. सह्याद्रीच्या कुशीतील एका ठाकरवाडीत भगताचा मुलगा नाग्या वाढतो. आपण पुण्यवंत व्हावे, अशी त्याला लहानपणापासून ओढ आहे. आणि जो पुण्यवंत त्याला डोंगरावरच्या मोहोळांची राणीमाशी दर्शन देते, अशी त्याची श्रद्धा आहे. तो निष्पाप वागतो, दर्शनास जातो आणि माशीच्या दंशाने एक डोळा गमावून परततो. मी कोणते पाप केले होते, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी देऊ शकत नाही, तेव्हा तो त्या राणीमाशीचाच सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. आणि नकोशा नवऱ्याला सोडून आलेली चिंधी, जिचे त्याच्यावर जिवापाड प्रेम आहे, त्या प्रतिज्ञेत त्याची भागीदार होते. शेवटी नाग्या तो अवघड कडा गाठतो, मोहोळे उठवतो, जिंकतो. आणि त्याच माश्यांच्या दंशांनी चिंधी मरते. 'जैत' म्हणजे जीत, विजय. ज्या क्षणी हा शब्द खरा होतो त्याच क्षणी तो उच्चारण्यात काही अर्थ उरत नाही.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो 1978 च्या सुमारास, नागपुरास, आईबरोबर. तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो आणि आपल्याला साहित्यातले बरेच कळते अशा समजुतीत होतो. चित्रपटगृहातून बाहेर पडलो तेव्हा माझे डोळे ओले होते आणि ते ओले असल्याचा मला थोडासा अभिमानही वाटत होता. बाहेर सायकलरिक्षा केली. घराशी उतरल्यावर रिक्षावाल्याने ठरल्यापेक्षा आठ आणे अधिक मागितले. उलट्या वाऱ्यात दोघांना ओढीत आणले, असे त्याचे म्हणणे. मी हुज्जत घालू लागलो. आई थोडा वेळ ऐकत उभी राहिली, मग आपल्या बटव्यातून आठ आणे काढून त्याच्या हातावर ठेवीत मला म्हणाली, "आत्ता तिकडे त्या ठाकरांसाठी रडत होतास ना रे?" ती रागावून बोलली नव्हती. तिला खरोखरच कोडे पडले होते. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती चिंधीमुळे लागली नाही की आठ आण्यांमुळे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की, माझ्या आईला पडलेले कोडे बरेच जुने आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका रशियन स्त्रीचे उदाहरण दिले आहे. ती नाटकगृहात कल्पित पात्रांच्या दुःखाने अश्रू ढाळीत असते आणि बाहेर तिच्या गाडीवर बसलेला तिचा स्वतःचा गाडीवान थंडीने गारठून मरत असतो. ज्या भावनेचे कृतीत पर्यवसान होत नाही ती भावना पुनःपुन्हा भोगीत राहिल्याने मनुष्याचे शील दुबळे होते, असे त्याचे मत होते. त्याच्याही पूर्वी, 1758 साली, रूसोने नाटकगृहांवर असाच आक्षेप घेतला होता. रंगभूमीवरील दुःखासाठी दोन आसवे गाळली की माणुसकीचे देणे आपण फेडून टाकले असे प्रेक्षकास वाटू लागते, आणि खऱ्या दुःखिताला देण्यासाठी त्याच्यापाशी काही शिल्लक उरत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. आणि त्याच्याही कितीतरी शतके आधी संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात, तरुणपणी नाटके पाहून दुःखी होण्यात आपल्याला सुख का वाटत असे, हा प्रश्न स्वतःलाच विचारला आहे.

आपल्याकडील साहित्यमीमांसकांनी हा प्रश्न निराळ्या बाजूने पाहिला. त्यांना नीतीची चिंता नव्हती असे नाही. परंतु शोक हा ज्याचा स्थायिभाव तो करुण रस आनंददायक कसा होतो, हे त्यांना आधी उलगडून पाहिजे होते. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने रोकडा युक्तिवाद केला: करुणापासून दुःखच होत असते तर कोणी त्याच्या वाटेस गेले नसते, आणि रामायणासारखी काव्ये दुःखास कारण ठरली असती. याउलट नाट्यदर्पणकार रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी, काही रस सुखाचे असतात आणि काही दुःखाचेच असतात, असे निर्भीडपणे सांगून टाकले. मराठीतही हा वाद गाजला. न. चिं. केळकर यांनी 1921 च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात सविकल्प समाधीची जी कल्पना मांडली तिचा रोखही याच कोड्याकडे होता: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपले निराळेपण विसरत नाही, म्हणूनच परक्याचे दुःख त्याला भोगताही येते आणि त्याचा आनंदही घेता येतो.

परंतु या सर्व विवेचनात मला सर्वांत मोलाची वाटते ती भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या नावाशी निगडित असलेली साधारणीकरणाची कल्पना. रंगभूमीवरची सीता ही रामाची पत्नी, जनकाची कन्या, अमुक काळातील अमुक स्त्री राहत नाही. तिचे विशेष गळून पडतात आणि ती केवळ विरहिणी होते. तिचे दुःख कोणा एकाचे नसल्यामुळे ते प्रेक्षकाला बोचत नाही. ते सर्वांचे असल्यामुळे त्याला परकेही वाटत नाही. शोकाची गोडी उत्पन्न होते ती या ठिकाणी. नाग्या आणि चिंधी ही माझ्यासाठी नागपुरात जी झाली ती याच रीतीने. ती ठाकर होती, हे मी पहिल्या अर्ध्या तासात विसरलो. ती प्रेम करणारी, झुंजणारी आणि हरणारी दोन माणसे झाली. म्हणजे जवळजवळ मीच झालो. मी जे अश्रू ढाळले ते, खरे म्हणजे, स्वतःसाठी ढाळले. आणि स्वतःसाठी रडणाऱ्याला रिक्षावाला दिसत नाही यात नवल ते कोणते?

येथे मला त्या कल्पनेचा दुसरा पदर दिसू लागला. ज्या क्रियेने रस उत्पन्न होतो त्याच क्रियेने माणूस नाहीसा होण्याचे भय आहे. विशेष गळून पडल्यावाचून आनंद नाही हे खरे. पण नीतीचा सारा व्यवहार विशेषांशीच असतो. भाडे द्यावयाचे असते ते मानवजातीस नव्हे, या समोरच्या घामेजलेल्या माणसास. तर मग कलेचा आनंद आणि माणुसकीचे कर्तव्य यांच्या वाटा कायमच्या निराळ्या मानाव्या की काय? बरीच वर्षे मी तसेच मानीत होतो. भामरागडास गेलो नसतो तर कदाचित आजही मानीत असतो.

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्याचे अगदी दक्षिणपूर्वेचे टोक. 1982 पर्यंत हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. आलापल्लीपासून रस्ता दाट रानातून जातो आणि जेथे पोहोचतो तेथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पलीकडे बस्तरचे डोंगर दिसतात. जवळच हेमलकसा येथे 1973 च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, हे वाचकांस ठाऊक आहेच. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. त्यांची भाषा मराठी नव्हे; मराठी मुलांना शाळेत भेटते. माझा भाचा त्या तालुक्यात शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता मी त्याच्याकडे चार दिवस राहावयास गेलो होतो, तेव्हा एका संध्याकाळी त्याने भिंतीवर पांढरी चादर बांधून 'जैत रे जैत' दाखवला. शिक्षकांची कुटुंबे होती, काही मोठी मुले होती, आणि त्या मुलांपैकी एकाचे आजोबा होते. आजोबांना मराठी बेताचीच समजे. नातू त्यांच्या कानाशी लागून अधूनमधून सांगत होता.

शेवट झाला. नेहमीप्रमाणे बायामाणसांनी पदर डोळ्यांना लावले. माझेही डोळे भरून आले, आणि वयाची साठी उलटली असताही तीच जुनी गोडी मनास जाणवली. तेवढ्यात आजोबा नातवाला काहीतरी विचारू लागले. मुलगा जरा संकोचला. भाचा म्हणाला, "काय म्हणतात रे आजोबा? सांग की."

"गुरुजी, ते विचारतात, त्याने सगळीच मोहोळे उठवली. मग त्या डोंगराला पुढच्या साली मध कोठून येणार?"

कोणी हसले नाही. आजोबा आणखी काही बोलले, आणि मुलाने तेही सांगितले. "आणि म्हणतात, बाई मेली, ती माश्यांनी मारली की त्याने मारली?"

या दोन प्रश्नांनी माझी त्या रात्रीची झोपही गेली. मात्र या वेळी कारणाविषयी शंका नव्हती. चाळीसहून अधिक वर्षे मी हा चित्रपट मनात बाळगला होता, त्यावर मित्रांशी वाद घातले होते, आणि माश्यांचा विचार मी एकदाही केला नव्हता. माझ्या लेखी त्या नियतीचे रूपक होत्या. त्या वृद्धाच्या लेखी त्या माश्या होत्या. ज्याचे मी साधारणीकरण करून टाकले होते ते त्याने एका वाक्यात पुन्हा विशेष केले.

आणि विशेष म्हणून पाहू गेले तर केवढे दिसते! कड्यांना आणि उंच झाडांना लोंबणारे आग्या मोहोळ हे एकच मोठे, उघडे पोळे असते. या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात आणि वर्षानुवर्षे त्याच कड्यांवर, त्याच झाडांवर परत येतात. म्हणून तर डोंगराला 'पुढची साल' असते. राणीमाशीचे काम अंडी घालण्याचे. ती कोणाचा डोळा फोडावयास जात नाही. डंख करतात त्या कामकरी माश्या. आणि मनुष्याच्या कातडीत काटेरी नांगी रुतून बसल्यामुळे डंख करणारी माशी स्वतःच मरते. म्हणजे ज्या संग्रामात नाग्या जिंकला त्यात त्याचा शत्रू असा कोणी नव्हताच. एक आई होती आणि तिच्या घरासाठी मरणारी तिची प्रजा होती. त्यांच्यापैकी प्रत्येकीने चिंधीसारखाच जीव दिला.

याच गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे एक छोटे गोंड गाव आहे. 2009 साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेथील लोकांनी अभ्यासगट करून जे प्रश्न सोडवावयास घेतले त्यांत, पोळे जाळून माश्या न मारता मध कसा काढावा, हाही एक होता. रानात राहणारा माणूस निसर्गाशी सदा प्रेमानेच वागतो, असे भाबडे विधान मी करणार नाही. तसे असते तर तो अभ्यास करण्याचे कारण पडले नसते. पण हा प्रश्न त्याला पडू शकतो आणि तो त्याच्या पोटाशी निगडित आहे, एवढे निश्चित. मला, नागपूरच्या खुर्चीत बसून, तो पडणे शक्य नव्हते.

या विचारात असता मला आदिकाव्याची जन्मकथा आठवली. तमसेच्या तीरावर एका व्याधाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील नर मारला. मादीचा आक्रोश ऐकून वाल्मीकीचे हृदय द्रवले, आणि त्याच्या शोकाचा श्लोक झाला. करुण हा आपल्या काव्याचा उगम आहे, हे सांगताना ही कथा आपण शतकानुशतके उद्धृत करीत आलो आहोत. पण तो पहिला श्लोक आहे काय? एका निषादाला दिलेला शाप. निषाद म्हणजे रानातला माणूस. त्याने बाण का मारला, त्याच्या झोपडीत त्या दिवशी चूल पेटली होती की नाही, हे ऋषीने विचारले नाही आणि आपणही कधी विचारले नाही. पक्ष्याविषयीच्या अनुकंपेत माणूस दृष्टीआड झाला. अनुकंपा खरीच होती. तिचा परिघ मात्र लहान होता.

'जैत रे जैत'चे मोठेपण मला या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसते. हा चित्रपट निषादाच्या बाजूने सांगितलेला आहे. शिक्षित मराठी घरांतील माणसे ज्या रानकऱ्यांकडे आगगाडीच्या खिडकीतून पाहत आली त्यांच्या घरात तो आपल्याला नेऊन बसवतो. त्यांच्या मनातही पापपुण्याचा विचार चालतो, त्यांनाही ईयोबाप्रमाणे आणि युधिष्ठिराप्रमाणे 'निरपराध्याला शिक्षा का?' हा प्रश्न छळतो, हे तो दाखवतो. नाग्याचा प्रश्न हा कोणत्याही तत्त्वज्ञाचा प्रश्न आहे. परिघ एका हाताने वाढला. आणि तेवढ्यावरही न थांबता कथेने असा शेवट केला आहे की, ज्याचे डोळे उघडे आहेत त्याला तो परिघ आणखी वाढवावाच लागतो. कारण येथे दुष्ट कोणी नाही. शोकांतिकेत खलपुरुष असला की आपला अर्धा शोक क्रोधात निघून जातो आणि मन मोकळे होते. ऍरिस्टॉटलने करुणा आणि भीती यांच्या शुद्धीविषयी जे सांगितले आहे त्याचा एक सामान्य अर्थ असाच घेतला जातो. या चित्रपटात ती मोकळीक नाही. विजय आणि विनाश ही एकाच कृत्याची दोन फळे आहेत आणि ते कृत्य ज्याच्यावर आपले प्रेम बसले आहे त्याचेच आहे. म्हणून शोकाला वाट मिळत नाही. तो मनात राहून जातो. 'हा चित्रपट मनातून जात नाही' असे आपण म्हणतो त्याचे कारण, मला वाटते, हेच. त्याने आपला हिशेब पुरा केलेला नसतो. काहीतरी देणे बाकी ठेवलेले असते.

कोणी म्हणेल, चिंधी मनातून जात नाही त्याचे कारण स्मिता पाटील. त्यातही तथ्य आहे. 1955 साली जन्मलेली ही अभिनेत्री 1986 च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. आज चिंधीचा मृत्यू पाहताना आपण नकळत तिच्यासाठीही शोक करतो. आणि हीच चित्रपटाची एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ठाकरांचे दुःख आपल्याला भिडले ते पुण्यामुंबईच्या शिकलेल्या, निपुण नटांच्या चेहऱ्यांतून. खरा ठाकर त्या चादरीवर मुख्य भूमिकेत नव्हता. पण खऱ्या माणसांनाच उभे केल्याने हा प्रश्न सुटतो असेही नाही, आणि त्याचा दाखला भामरागडच्या शेजारीच आहे. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात आर्ने सुक्सडॉर्फ नावाच्या स्वीडिश दिग्दर्शकाने मुरिया लोकांनाच घेऊन एक चित्रपट काढला. तो 1957 साली प्रदर्शित झाला, त्याचे संगीत पंडित रविशंकरांचे होते, आणि नारायणपूरजवळच्या गढबेंगाल गावातील चेंदरू हा मुलगा वाघाच्या बछड्यांशी खेळताना त्यात जगाने पाहिला. पडद्यावरचा तो मुलगा कधी मोठा झाला नाही. खरा चेंदरू मोठा झाला, आपल्या गावी परतला, तेथेच गरिबीत म्हातारा झाला, आणि 2013 साली जगदलपूरच्या रुग्णालयात वारला. त्याच्या बालपणाचे सौंदर्य ज्यांनी डोळे भरून पाहिले त्यांत दुष्ट असा कोण होता? कोणीच नाही. त्यांनी फक्त तिकिटाचे पैसे दिले आणि आपले देणे संपले असे मानले.

तेव्हा रूसो आणि जेम्स यांचे आक्षेप खोटे नाहीत. परंतु त्यांवरून करुण कलाच त्याज्य ठरवणे म्हणजे, आजारी माणसाने पथ्य पाळले नाही म्हणून वैद्याला दोष देण्यासारखे आहे. मी रिक्षावाल्याशी हुज्जत घातली ती चित्रपट पाहिल्यामुळे नव्हे. मी तो अर्धाच पाहिला होता, म्हणून. साधारणीकरण ही जाण्याची वाट आहे. तिने गेल्यावाचून परक्याच्या अंतःकरणात प्रवेश मिळत नाही. चिंधी ही प्रथम 'मी' झाल्यावाचून तिचे दुःख मला कळणारच नाही. पण जाण्याच्या वाटेने परतही यावे लागते. 'ती मीच' येथे रसिकाचा प्रवास थांबला तर तो आत्मरंजनात थांबला. 'ती मीच, आणि तरी ती मी नव्हे, ती ठाकर आहे, तिचा डोंगर आहे, तिच्या माश्या आहेत', येथवर जो परततो त्याचा आनंद मात्र निष्पाप म्हणावा. शोकाची गोडी हा दोष नव्हे. ती गोडी चाखून उठून जाणे हा दोष आहे.

ही परतीची वाट एकट्याने सापडेलच असे नाही. मला ती प्रथम आईने दाखवली आणि मी ती पाहिली नाही. पुढे आजोबांनी दाखवली तेव्हा पाहणे भाग पडले. यावरून मला एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. हे जुने, सुंदर, उदास चित्रपट आता एकेकट्याने, हातातल्या यंत्रावर, कानांत नळ्या घालून पाहण्याचा प्रघात पडला आहे. एकट्याच्या अश्रूंना कोणी प्रश्न विचारत नाही. 'जैत रे जैत' घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा. आजी असेल तर तिला बसवावे, मुले असतील तर त्यांना उठवू नये, घरी कामास येणाऱ्या बाईंनाही 'थांबा, आपण मिळून पाहू' असे म्हणावे. आणि संपल्यावर लगेच दिवा लावून पांगू नये. कोणीतरी काहीतरी विचारील. तो प्रश्न वेडगळ वाटला तरी हसू नये. बहुधा तोच खरा असतो.

भामरागडाहून निघालो त्या दिवशी सकाळी ते आजोबा वाटेत भेटले. मी नमस्कार केला. बोलण्यासारखी भाषा आम्हां दोघांत नव्हती. भाच्याला मी म्हटले, "त्यांना सांग, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडले नाही." त्याने त्याला येत होते तेवढ्या माडिया भाषेत सांगितले. आजोबा हसले आणि हात वर करून त्यांनी नदीपलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवले. उत्तर तिकडे आहे असे त्यांना म्हणावयाचे होते की केवळ ढग भरून आले आहेत एवढेच, ते मला कळले नाही. पण गाडीत बसल्यावर, आलापल्लीचा रस्ता लागेपर्यंत, मी त्या झाडांच्या शेंड्यांकडे पाहत होतो. मोहोळे कोठे लागली आहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.